यहूदाचा घास

फाल्गुनातला उजेड वसईच्या वाडीत एकदम शिरत नाही. आधी तो नारळाच्या शेंड्यांवर उतरतो, मग पानवेलीच्या मांडवावर, मग बावखलाच्या, वाडीतल्या गोड्या तळ्याच्या, निजलेल्या पाण्यावर. आणि मग केळीच्या पानांतून गळत गळत, हिरवा होऊन, ओला होऊन, घराच्या उंबऱ्याशी येतो. त्या सकाळीही तो असाच आला. शेवटच्या साध्या दिवसाचा उजेड, इतर कुठल्याही दिवसासारखा.

पास्कू मच्याडो तगरीपाशी उभे होते. वाकलेली पाठ, पांढरे केस, पांढरी फुलं. उपवासकाळ चालू होता. ईस्टरपर्यंत वेदीवर फुलं वाहत नाहीत. वर्षभर पहिली ओंजळ देवाची. या दिवसांत देव फुलं घेत नाही, म्हणून ती ओंजळ रेजिनाच्या खिडकीत. ते काही बोलत नसत. कठड्यावर फुलं ठेवत आणि पाण्याच्या पाटाकडे वळत.

रेजिना त्यांची एकुलती लेक. कॉलेजात तर्कशास्त्र शिकवणारी, पुस्तकांत वाढलेली, आता केसांत पहिली रुपेरी बट आलेली. ती फुलांकडे पाहायची आणि मनात म्हणायची, देवाला नको असलेली फुलं. ती पाण्यात ठेवायची. टाकून कधी दिली नाहीत. माळलीही नाहीत.

दुपारी तिने भात वाढला, बोंबलाचं कालवण वाढलं, थाळी पडवीत नेऊन ठेवली. बाबा पडवीत जेवले. ती आत, मेजावर जेवली. मध्ये एक भिंत. भिंतीच्या आतल्या अंगाला येशूच्या शेवटच्या भोजनाचं जुनं चित्र. एक लांब मेज, एक भाकर, आणि खांद्याला खांदा लावून बसलेली तेरा माणसं. चित्रात दाटी. चित्राखाली एक बाई, एक थाळी, एक रिकामं स्टूल.

पूर्वी त्या स्टुलावर बाबा बसत. आई लवकर गेली, तेव्हापासून दोघांचं जेवण त्या चित्राखालीच व्हायचं. मग एक ईस्टर आला. रेजिना विद्यापीठातून नवी नवी परतलेली, डोळ्यांत ग्रंथांचं तेज, जिभेवर प्रश्नांची धार. भाताचा पहिला घास घेऊन ती म्हणाली, "बाबा, ज्याच्यावर अन्याय झाला त्याला न विचारताच देव क्षमा कशी करतो? दुखावलेलं माणूस एकीकडे, आणि क्षमा भलतीकडेच. मला नाही पटत. मी आता चर्चमध्ये मिस्साला येणार नाही."

बाबांनी हातातला घास थाळीत ठेवला. थाळी उचलली. पडवीत गेले.

रागाचा एक शब्द नाही, शाप नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या अंघोळीचं पाणी त्यांनीच काढलं, वेलचीकेळ्यांची पिकली फणी तिच्याच दाराशी ठेवली. फक्त मेज तुटलं. ऋतूंमागून ऋतू गेले, पानवेली जुन्या झाल्या, नव्या लावल्या, आणि एका छपराखाली दोन जेवणं होत राहिली.

चित्राखाली एकटी बसून रेजिना एकाच माणसाकडे बघायची. यहूदाकडे, येशूला पैशांसाठी पकडून देणाऱ्या शिष्याकडे. मुठीत नाणी, मनात विश्वासघात. तरी त्याला त्या मेजावर जागा होती. गुरूने आपल्या हाताने घास बुडवून त्याला दिला होता. तिने तर फक्त एक प्रश्न विचारला होता. जगात कुणी कुणाचा मत्सर करतं, रूपाचा, धनाचा, भाग्याचा. तिने मत्सर केला तो यहूदाच्या घासाचा.

त्या संध्याकाळी बाबा बावखलाच्या काठी पडले.

पाण्यावरचा केशरी रंग राखाडी होत असताना त्यांना आत आणलं. डॉक्टर आले, हात धुऊन गेले. मग फादर जोएल आले. एके काळी रेजिनाच्या वर्गात मागच्या बाकावर बसणारे, प्रत्येक अनुमान अर्ध्यावर सोडणारे. त्यांच्या खिशात छोटी सोनेरी डबी होती, आणि डबीत ख्रिस्तप्रसाद. मरणाऱ्याला द्यायची वाटेची शिदोरी.

"मॅडम, जरा बाहेर थांबाल?" ते हळूच म्हणाले.

पापनिवेदनाच्या वेळी खोलीत दोघंच असतात, सांगणारा आणि ऐकणारा. दार लोटलं गेलं. पेज भरवणारी, पाय चेपणारी, खोकल्यावरून दुखणं ओळखणारी लेक दाराबाहेर राहिली.

शेजारच्या मोनामावशी जपमाळ घेऊन पडवीत बसल्या होत्या. "बाजूला हो गं रेजिना. दाराला कान लावून उभी राहिलीस तर म्हाताऱ्याची पापं तुला चिकटतील."

"कुठे लावलाय कान, मावशी?"

"मग तो लाल का झालाय?"

आत कुजबुज होती. मग बाबांचं रडणं. दबलेलं, खोल, विहिरीत घागर बुडावी तसं. रेजिनाने ते रडणं कधी ऐकलं नव्हतं. आईच्या वेळीसुद्धा नाही. आणि असूया आली. पाटाचं पाणी वाडीत फिरतं तशी आली, आवाज न करता, एकेक आळं भरत. त्या मागच्या बाकावरच्या पोराची असूया. त्या बंद दाराची असूया. आणि ज्याला ती मानत नव्हती त्या देवाची असूया. बाबांना तिची क्षमा मागायची असेल, तर ती मागणी तिच्या दारावरून पुढे निघून चालली होती. त्या ईस्टरचा तिचा प्रश्न, पुस्तकातून उचललेला, आता हाडामांसाचा होऊन तिच्यासमोर उभा होता.

दार उघडलं. सगळे गुडघ्यांवर आले. रेजिना चौकटीत उभी राहिली. फादरांनी पांढऱ्या चकतीचा कण मोडला, आणि बाबांनी पिलाने चोच उघडावी तसं तोंड उघडलं. मीठ नसलेला तो घास, वास नसलेला, वजन नसलेला. तिच्या हातच्या कितीतरी भातांवर बाबांचा चेहरा असा उजळला नव्हता.

फादर गेल्यावर ती पेज घेऊन बसली. चमचा ओठांशी नेला. बाबांनी हात तिच्या मनगटावर ठेवून तो थांबवला.

"तू जेवलीस?"

त्या ईस्टरनंतर हा प्रश्न घरात उच्चारला गेला नव्हता.

"जेवले," ती म्हणाली. संध्याकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं; निखाऱ्यावर राख असते, तसा तो शब्द. बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग पेजेची वाटी बोटांनी जरा तिच्याकडे सरकवली. इतकंच. त्यांना ग्लानी आली असेल असं समजून तिने वाटी बाजूला ठेवली.

दुसऱ्या दिवशी, चर्चची दुपारची घंटा वाजत असताना, तिचा शेवटचा ठोका ऐकायला ते थांबले नाहीत.

पुढच्या सकाळी दफन झालं. माणसं पांगली. ओल्या मातीवर मेणबत्त्यांच्या फिकट ज्योती उन्हात दिसेनाशा झाल्या होत्या. रेजिना फादर जोएलांसमोर उभी राहिली.

"काय सांगितलं त्यांनी?"

"मॅडम, ते मला सांगता येत नाही. तुम्हाला माहीत आहे."

"माझ्याबद्दल होतं?"

फादरांनी हातातली प्रार्थनेची पुस्तिका मिटली.

"जे माझ्याकडे मागायचं ते तुमच्याकडे मागितलं. आणि तुम्ही देऊनही टाकलंत. मला कुणी विचारलं?"

त्यांनी मान खाली घातली. मग जुना विद्यार्थी जरासा हसला. "तुमच्याच वर्गात शिकलो, मॅडम. एक विधान खरं असलं म्हणून दुसरं खोटं ठरत नाही. देवाने दिलं, म्हणून तुमचं देणं संपलं असं कुठे आहे? ते तुमच्याजवळच आहे. देव त्याला हात लावत नाही."

"तेवढं एकच लक्षात ठेवलंस," ती म्हणाली. आणि पहिल्यांदा तिचा आवाज फुटला.

दुःखाच्या घरी चूल पेटत नाही. मोनामावशींनी भात-कालवणाची झाकलेली भांडी आणून मेजावर ठेवली. "जेव गं बाई. नाहीतर तुझा बाप वरून माझ्यावरच ओरडेल." आणि पदराने डोळे टिपत त्या गेल्या.

घर रिकामं झालं. खिडकीच्या कठड्यावर आज फुलं नव्हती. रेजिना वाडीत गेली, तगरीची पहिली ओंजळ स्वतः तोडून आणली, मेजावर ठेवली.

मग ती चित्राखाली बसली आणि विचार करू लागली; विचार करणं ही तिची एकच प्रार्थना होती. पापनिवेदनानंतर प्रायश्चित्त सांगतात. बहुधा प्रार्थना, कधी एखादं काम, मोडलेलं जोडण्याचं. फादर गेल्यावर बाबांनी एकच गोष्ट केली होती. विचारलं होतं, तू जेवलीस? वाटी सरकवली होती. यावरून काय निघतं? की मोडलेलं मेज जोडणं हेच त्यांचं प्रायश्चित्त होतं? काहीच सिद्ध होत नाही. वर्गात कुणी असं अनुमान मांडलं असतं, तर तिने ते फळ्यावरून पुसलं असतं.

इथे तिने ते पुसलं नाही. सिद्ध न झालेलं, डुगडुगतं, पण उबदार. ओंजळीत पाणी धरावं तसं तिने ते धरून ठेवलं.

पानांतून गळालेला दुपारचा हिरवा उजेड मेजावर चढला. भिंतीवर तेरा माणसं, खांद्याला खांदा. त्यांच्यातल्या त्या एकाकडे तिने पाहिलं, आणि तिला त्याचा हेवा वाटला नाही.

ती उठली. दुसरी थाळी काढली. भात वाढला, कालवण वाढलं, स्टूल मेजाशी ओढून घेतलं. थाळीच्या कडेला तगरीचं एक फूल ठेवलं, एक आपल्या केसांत माळलं. पडवीत ऊन होतं, आणि उन्हात कुणी नव्हतं. त्या उन्हाकडे बघत, इतक्या वर्षांच्या भिंतीपलीकडे आवाज पोचेल इतक्या मोठ्याने, ती म्हणाली,

"बाबा, मी जेवले नव्हते. आत या. बसू."