तिळाची ढेप

कांताला तीळ बाधला की पहिली खूण ओठांवर दिसत नसे. आधी उजव्या कानाची पाळी खालच्या टोकाशी तांबूस होई. मग ती पाळी दोन बोटांत धरून कांता चोळू लागे, आपण चोळतो आहोत हे तिच्या ध्यानातही येत नसे. ओठ त्यानंतर सुजत, कधी सुजतही नसत. आवाज बसे तो सगळ्यात शेवटी, आणि तो बसला की हाती फार वेळ उरत नसे. घरातले सगळे तिच्या ओठांकडे पाहत. मी कानाकडे पाहत असे.

आमचं घर तेल्याचं. सिंदी गावात बाजाराच्या मागच्या बोळीत पुढे दुकान, मागे घाणा, आणि मधल्या दोन खोल्यांत आम्ही राहत असू. सासरे गेल्यापासून घाणा माझे पती टिकाराम चालवत, आणि टिकारामांना माझ्या सासूबाई शकुबाई चालवत. मी नागपूरला इंटर सायन्सपर्यंत शिकले होते आणि गावातल्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत होते.

घरात एक रीत होती. नव्या तिळाचं पहिलं तेल विकायचं नाही, दिव्यातही घालायचं नाही. घाण्याची पूजा करायची, तेलात बोट बुडवायचं आणि घरातल्या सर्वांत धाकट्या लेकराच्या जिभेवर टेकवायचं. कांता नुकती चालू लागली होती तेव्हा तिच्या जिभेवर ते टेकवलं. अंगभर गांधी उठल्या, पोट आत ओढलं जाऊ लागलं, आणि बऱ्याच वेळाने ती निळसर पडून माझ्या मांडीवर झोपली. सासूबाईंनी नजर लागली म्हणून मीठ-मिरच्या ओवाळल्या. पुढे लाडवाच्या एका तुकड्याने तेच झालं तेव्हा मला कारण कळलं. बाकीच्यांना ते वर्ध्याच्या डॉक्टरांनी सांगितल्यावर कळलं, तेही अर्धंमुर्धं.

या डॉक्टरांनी परदेशी नियतकालिकाच्या एका जुन्या अंकात वाचलं होतं की, अंडं न सोसणाऱ्या मुलाला अंड्याचा अगदी सूक्ष्म अंश रोज देत, हळूहळू वाढवत, त्याची सवय लावली होती.

"खात्री देत नाही," ते म्हणाले. "तिळाचं असं कुणी केल्याचं मी वाचलेलं नाही. आणि एक अट आहे. आपण मोजून देऊ तेवढाच तीळ तिच्या पोटात जायला हवा, बाकी कणही नाही. घर बदलता येईल का तुम्हाला?"

टिकाराम टोपी हातात घेऊन बसले होते. "डॉक्टरसाहेब, घर बदलता येईन. घाणा कोठी नेऊ?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी फडताळातल्या बाटल्यांकडे पाहिलं.

त्याच उन्हाळ्यात आमच्या मुख्याध्यापिका प्रमिलाबाई मला म्हणाल्या होत्या, "आर्वीच्या मुलींच्या शाळेत विज्ञानाला बाई हव्यात. राहायला खोली देतात. सांगू का तुझं नाव?" मी म्हटलं होतं, "पाहते." पावसाळ्यात त्यांनी पुन्हा विचारलं आणि मी पुन्हा तेच म्हटलं.

औषध मीच तयार करायचं होतं. तीळ काचेच्या खलात पाण्याबरोबर गंधासारखा घोटायचा, त्यातला एक भाग नऊ भाग पाण्यात, त्यातला पुन्हा एक भाग नऊ भाग पाण्यात, आणि त्या पाण्याचा एक थेंब चमच्यात. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी हे आम्लांच्या बाबतीत केलं होतं. तिथे चूक झाली की पुन्हा करता येत असे. डॉक्टरांनी मला इंजेक्शन द्यायला शिकवलं, श्वास अडलाच तर टोचायला अॅड्रेनलीनच्या कुप्या दिल्या. रोज सकाळी मी काचेची पिचकारी आणि सुई उकळून डब्यात ठेवी, मगच चमचा हातात घेई.

कांता उलट्या पायलीवर बसे. सहा वर्षांची होती.

"माय, आज मी मरत नाई नं?"

"नाई."

"तुले कसं मालूम?"

"कालच्याहून थोडकंच जास्त हाय."

हे उत्तर तिला पटत नसे. तोंड मात्र ती उघडे, आणि चमचा बाहेर आल्यावर कान माझ्याकडे करून बसे.

काही दिवस वाईट गेले. पोटात मुरडा येई, ओकारी होई, मग मी मात्रा मागे नेई. बाजारात भैय्याजी किराणेवाले टिकारामांना विचारत, "काय रे टिकाराम, तेल्याच्या पोरीले तीळ चालत नाई म्हन्ते? आता हलवायाच्या पोराले साखर बाधली का झालं!" टिकाराम हसून घेत. घरी आल्यावर हसत नसत.

सासूबाईंचा राग मला समजत असे. त्या कांतासाठी दुकानातून आत येताना हात राखेने धूत, तिच्या केसांना जवसाचं तेल लावत. पण तिची वेणी घालता घालता म्हणत, "कोन्या तेल्याच्या घरात देसान वं इले? सासरी जाऊन काय सांगन, मले तुमचा धंदा बाधते म्हनून?"

जोंधळे निसवायच्या सुमारास कांता अख्ख्या तिळावर आली. एक तीळ, मग दोन, मग तीन. कान तांबूस होत नव्हता. डॉक्टर खूश झाले, पण म्हणाले की अजून वर्ष तरी जाईल. टिकारामांनी ते वर्ष ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी बाजारभर झालं होतं की पोरगी तिळावर आली. सासूबाईंनी कार्तिकात नव्या तिळाची पूजा ठरवली आणि सेलूपर्यंतच्या सोयऱ्यांना सांगावा धाडला.

"यंदा पह्यलं तेल कांताच्या जिभेवर," त्या म्हणाल्या.

"नाई, आत्याबाई," मी म्हटलं. "डॉक्टर नाई म्हनाले."

"डॉक्टर तेली हाय का?"

"आत्याबाई, तेल द्यायचं नाई."

माझा आवाज चढला असावा. त्यांनी मला निरखून पाहिलं, मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. "नाई देत तेल. तुई आन."

त्या शब्दाला जागणाऱ्या होत्या. मी निश्चिंत झाले.

त्याच आठवड्यात टिकाराम बैलापुढे ढेप, तेल काढून उरलेली पेंड, फोडत होते. त्यांनी सहज विचारलं, "तेलात असं काय असते वं, जे तिले बाधते?"

मी सांगितलं की बाधतं ते तेल नव्हेच. तिळातलं प्रथिन बाधतं. अंड्याच्या पांढऱ्या भागासारखं असतं ते. घाण्यावर तेल गळून जातं, त्याच्यासोबत थोडंसं जातं, बाकी जवळजवळ सगळं मागे ढेपेत राहतं.

"म्हनजे खरा माल बैल खाऊन राह्यला अन् लोकं पानी घेऊन राह्यले!" ते हसले. त्यांना गोष्ट कळली होती. कळल्याशिवाय त्यांना तो विनोद सुचला नसता.

पूजेच्या दिवशी शाळेत तपासणी होती. नागपूरची राजधानी नुकतीच मुंबईला गेली होती, नवे साहेब येणार होते, रजा मिळाली नाही. सकाळी मी कांताला तिचे मोजके तीळ दिले, कान पाहिला आणि पिचकारीचा डबा नेहमीच्या कोनाड्यात ठेवून गेले.

दुपारी परतले तेव्हा अंगणात पाहुणे जेवायला बसले होते. कांता घाण्याच्या रिंगणाच्या कडेला बसली होती आणि उजवा कान चोळत होती.

"काय खाल्लं?" मी विचारलं.

"काही नाई झालं तिले," सासूबाई वाढता वाढता म्हणाल्या. "पाह्य तिचे ओठ. चांगले हायेत."

"कांता, काय खाल्लं?"

तिने उत्तर दिलं, पण आवाज तिचा नव्हता. घोगरा, म्हाताऱ्या माणसाचा होता.

मी धावले. कुपी फोडताना माझं बोट कापलं. मांडीत सुई घातली तेव्हा तिने हालचाल केली नाही. मी तिच्या छातीला कान लावून बसले. आतली शिट्टी बारीक होत गेली आणि ती आता थांबते आहे की सुटते आहे, हे मला बराच वेळ ठरवता आलं नाही. दुसरी कुपी द्यावी लागली. नंतर तिला ओकारी झाली, ती भरभरून रडली, आणि ते रडणं मोकळ्या आवाजातलं होतं.

पाहुणे हात धुऊन गेले होते. सासूबाई दाराशी उकिडव्या बसल्या होत्या, पदर तोंडात धरून.

"तेल नाई देलं वं मी. देवाशपथ नाई देलं. तुई आन घेतली होती. सारे म्हने लेकराच्या तोंडाले काही लावाच लागते. म्हनून ढेप देली, गुळासंगं. तेल त सारं निंघून गेलतं तिच्यातून. चोथा होता तो, बाई. चोथ्यात काय राह्यते?"

त्या खरं बोलत होत्या. जन्मभर त्यांनी दाण्यातलं सत्त्व भांड्यात उतरताना पाहिलं होतं आणि उरलेलं बैलापुढे टाकलं होतं. जे त्यांना सर्वांत निरुपद्रवी वाटलं ते त्यांनी निवडून दिलं होतं. त्यांच्यावर मला रागवता येईना.

मी टिकारामांकडे वळले. "तुमी कोठी होते?"

"इथंच."

"देतानी पाह्यलं?"

ते घाण्याच्या उभ्या लाकडी लाटेवर हात फिरवत राहिले. "एवढुशी होती. बोराएवढी."

"ढेपेत काय असते ते तुमाले मी सांगितलं होतं."

"सांगितलं होतं. सारे सोयरे समोर बसले होते. मायले सगळ्याइसमोर काय म्हनू? अन् मले वाटलं, तीन तीळ खाते, आता एवढं पचवन. लोकाइनं पाह्यलं असतं त तोंडं बंद झाली असती."

सासूबाईंनी पदर तोंडातून काढला आणि मुलाकडे पाहिलं. "तुले मालूम होतं?"

त्यांनी आईकडे पाठ केली. मलाच म्हणाले, "झालं ते झालं. डॉक्टरले सांगू नको, तो थेंब बंद करन. उद्यापासून पुन्हा पह्यल्या थेंबावर ये. पुढच्या कार्तिकापर्यंत होते सारं."

कांता माझ्या मांडीवर होती. तिने अर्धवट डोळे उघडले आणि सवयीने कान माझ्याकडे केला. पाळी अजून तांबूस होती. मी ती बोटाने चाचपली. गरम होती, पण खालची कड पुन्हा दिसू लागली होती.

"डॉक्टरांले सगळं सांगनार हाय," मी म्हटलं. "ते म्हनतीन त थेंब सुरू करीन, नाई म्हनतीन त नाई. पन या घरात नाई. प्रमिलाबाईले मी उद्या होकार देऊन राह्यली. कांताले घेऊन मी आर्वीले चालली."