बाथरूमची कडी

नानांना निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली, पण कारखान्यात बॉयलरवर काम केलेल्या माणसाची खोड जाते थोडीच. आकडा दिसला की त्यांचा जीव त्यात. सूनबाईने रक्तदाब मोजायचं यंत्र आणलं, तर तिला हात लावू देईनात. सकाळी खुर्चीत पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसायचं, मग पट्टा दंडाला. वहीत एकशे अठरा, एकशे सोळा, एकशे वीस. हृदय थकलेलं, पाय सुजलेले, गोळ्या सहा प्रकारच्या, आणि दाब मात्र असा शहाण्यासारखा. डॉक्टरांनी वही पाहून, दाब चांगला आहे, पेलेल म्हणत मागच्या महिन्यात हृदयाच्या एका गोळीचा डोस वाढवला.

एक गोष्ट वहीत नव्हती. अलीकडे खुर्चीतून उठलं की नानांच्या डोळ्यांपुढे अंधारी यायची. भिंत धरून दहा आकडे मोजले की जग पुन्हा जागेवर. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, कारण मुलाने बजावून ठेवलं होतं, "नाना, चक्कर येते असं कळलं तर बाथरूमची कडी काढणार. आत पडलात तर दार फोडत बसू का?"

कडी ती काय, बोटभर लोखंड. पण नानांचं सगळंच आता दुसऱ्याच्या हाती होतं. पाणी मोजून मिळायचं, मिठाच्या डबीवर सूनबाईचा पहारा. दिवसभरात आपल्या हाताने बंद करायचं असं एवढं एकच दार उरलं होतं. तेही गेलं तर आपण माणूस कसले, घरातलं सामान. या विचाराने त्यांना खरंच रडू यायचं.

गुरुवारी अंघोळ करून ते स्टुलावरून उठले आणि थेट खाली बसले. बादली कलंडली.

"नाना?" बाहेरून सूनबाई.

"साबण निसटला."

कडी डोक्याच्या वर हातभर होती. तिथवर पोचायला त्यांना बराच वेळ लागला. बाहेर आले तेव्हा कोपर सोललेलं. सूनबाईने औषध लावलं आणि आत जाऊन कलंडलेली बादली उभी केली.

नाना वही घेऊन बसले. एकशे अठरा, एकशे सोळा. नव्या माणसाला ते तीस वर्षं एकच गोष्ट ओरडून सांगत आले होते: दाबाचा काटा बघायचा तो व्हॉल्व्ह उघडल्यावर, वाफ कामाला लागल्यावर. नुसता बसलेला बॉयलर कुणाचाही गुणाचाच असतो. आणि इथे स्वतः महिनाभर बसल्या बॉयलरचे आकडे लिहीत होते. त्यांना स्वतःची लाज वाटली.

"सूनबाई, इकडे ये. मी उभा राहतो, मिनिटभराने तू बटण दाब."

यंत्राने शहाऐंशी दाखवले. दोघांनीही ते पाहिले.

"काय लिहू?" तिने विचारलं.

"आहे तेच. आणि चक्कर येते, महिना झाला, तेही लिही."

डॉक्टर फोनवर म्हणाले, मनाने एकही गोळी बंद करायची नाही. वाढवलेला डोस त्यांनी पुन्हा कमी केला, सकाळच्या गोळ्या दोन वेळांत वाटून दिल्या, आणि उठताना आधी पाय हलवून, थांबून, मग उभं राहायला सांगितलं. आठवड्याने उभ्याचा आकडा शंभराच्या वर आला.

कडी मात्र फोन झाला त्याच संध्याकाळी निघाली. मुलगा पेचकस घेऊन आला, तर नाना म्हणाले, "दे इकडे. मी काढतो." स्टुलावर बसून त्यांनी चारही स्क्रू काढले आणि मुलाच्या हातावर ठेवले.

दुसऱ्या दिवशी नाना अंघोळीला गेले आणि दार नुसतं लोटलं. सूनबाईने खुर्ची आणून दाराला पाठ करून ठेवली, तीत बसली, आणि नवऱ्याला लांबूनच हाताने परतवलं. आत बराच वेळ पाण्याचा आवाज नव्हता.

"सूनबाई," नाना आतून म्हणाले, "आहेस का तिथे?"

"नाही," ती म्हणाली.

मग आत पाणी वाजू लागलं.