उताराची कमाई

उताराच्या तोंडाशी गाडी आली आणि यशवंतच्या हाताने, त्याला न विचारताच, गोल बटण न्यूट्रलवर फिरवले. खनिजाच्या मातीने काठोकाठ भरलेला टिपर आपल्याच वजनाने खाली सरकू लागला. शेजारी बसलेल्या गौरवीने वहीत काहीतरी टिपले. तिचे हे टिपणे यशवंतला मुळीच आवडले नाही.

गाडी विजेवर चालणारी होती. सुर्ल्याच्या खाणीवर अशा तीन नव्याकोऱ्या गाड्या आल्या होत्या, आणि त्या चालवून बघायला फोंड्याची ही इंजिनिअर पोरगी आठवडाभरासाठी आली होती. जाण्याआधी ती एक ड्रायव्हर निवडणार होती. बाकीच्या दहा जणांना पुढे तोच शिकवणार. कोण, याबद्दल ड्रायव्हरांच्या लायनीत कुणाला शंकाच नव्हती. दोडामार्गाहून बाविसाव्या वर्षी आलेल्या यशवंतने या रस्त्यावर अठ्ठावीस वर्षे काढली होती आणि निम्म्या लायनीने स्टिअरिंग धरले होते ते त्याच्याच नजरेखाली. डिझेल वाचवण्यात तर त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. उतार लागला की न्यूट्रल, हा त्याचा पहिला धडा. त्याने तोंडाने कधी म्हटले नाही, पण ही शिकवणी आपल्याकडे यावी म्हणून त्याचा जीव टांगणीला लागला होता. सकाळी घरून निघताना तो इस्त्रीचा शर्ट घालून निघाला, तेव्हा त्याची बायको पार्वती नुसती हसली होती.

खाली नदीच्या धक्क्यावर माती ओतून झाल्यावर गौरवीने पडद्याकडे बोट दाखवले. खाणीवरून निघताना बॅटरी साठ टक्के होती. आता अठ्ठावन्न.

मागोमाग सुदेश आला. लायनीतला सगळ्यात नवा, जेमतेम वर्षभराचा ड्रायव्हर. तोही साठावर निघाला होता. त्याच्या पडद्यावर एकसष्ट होते.

"स्क्रीन बिघडली दिसता," यशवंत म्हणाला.

"काका, गाडयेन तुमका वळखूक नाय," धक्क्यावरचे कुणीतरी बोलले आणि सगळे हसले.

"तू काय केलंस रे?" यशवंतने सुदेशला विचारले.

"माका काय करूक येना, म्हणान काय केलंच नाय. पाय उचललंय आणि गप बसान रवलंय."

यशवंतला राग आला, आणि राग कुणावर काढावा तेही कळेना. परत वर जाताना रिकामी गाडी चढ चढत होती आणि त्याचे तोंड उतरलेले होते. शेवटी त्यानेच विचारले.

"बाय, चुकलां खय?"

"काका, चढावर ही मोटर चाकं फिरवते, त्याला वीज लागते. उतारावर तुम्ही पाय उचलला की उलटं होतं. चाकं मोटरला फिरवतात आणि मोटर वीज तयार करते. ती बॅटरीत परत जाते. न्यूट्रलला टाकलं की मोटर आणि चाकं यांचं नातंच तुटतं."

"मगे ती ताकद खय जाता?"

"ब्रेकात. तुम्ही ब्रेक दाबता, लायनर तापतात, आणि ती उष्णता वाऱ्यावर जाते. ताकद नाहीशी होत नाही, काका. फक्त आपल्या कामाची राहत नाही."

यशवंतला तापलेल्या लायनरचा वास ठाऊक होता. अठ्ठावीस वर्षे तो वास शर्टाला लावून घरी गेला होता तो. तो वास म्हणजे आपल्याच उताराची कमाई जळत होती, हे मात्र त्याला कुणी सांगितले नव्हते.

खाणीवर गाडी पुन्हा साठ टक्क्यांपर्यंत चार्ज केली. दुसऱ्या खेपेला त्याने बटणाला हात लावला नाही. हात तिकडे जात होता, म्हणून उजव्या हातानेच त्याने डावा मांडीवर दाबून धरला, तेवढ्यात गौरवी ओरडली, "काका, स्टिअरिंग!" आणि दोघेही हसले. मग पाय उचलला. गाडीने स्वतःच स्वतःला मागे धरले. बारीक गुणगुण सुरू झाली, जात्यावर कुणी लांबच्या खोलीत दळत बसावे तशी. पडद्यावरचा बाण फिरून बॅटरीकडे वळला. वीस टन माती मागून रेटत होती आणि तिच्या त्या रेट्यातूनच वीज निघत होती. वळणापाशी त्याने ब्रेकला नुसता पायाचा अंगठा लावल्यासारखे केले. गाडी मुकाट वळली. यशवंतने आयुष्यात पुष्कळ गाड्या पाहिल्या होत्या, पण ओझ्यालाच कामाला लावणारी गाडी त्याने पहिल्यांदाच पाहिली. तो मनापासून हरखला.

"म्हणजे माती आपलां भाडां आपणच भरता?"

"अगदी तसंच!" गौरवी म्हणाली आणि तिने ते वाक्यसुद्धा वहीत लिहून घेतले.

धक्क्यावर पडदा बासष्ट दाखवत होता. सुदेशने वाकून पाहिले आणि सरळ कान पकडले. गौरवीने वही मिटली.

"ठरलं, काका. उद्यापासून तुम्हीच शिकवायचं."

यशवंतने मान हलवली. आनंद झाला होता, होणार नाही कसा? पण मनात एक खडा टोचत होता.

"बाय, डिझेलच्या गाडयेत तरी न्यूट्रलान डिझेल वाचता मां?"

"नाही हो. गिअरात ठेवून पाय उचलला की डिझेल जातच नाही, चाकंच इंजिनाला फिरवतात. न्यूट्रलला उलट इंजिन चालू ठेवायला थोडं जळतंच."

"आणि गाडी धरता कोण?"

"गिअरात असली तर इंजिन धरतं. न्यूट्रलला फक्त ब्रेक." तिने त्याच्याकडे पाहिले. "का?"

"काय नाय," यशवंत म्हणाला.

मध्यंतरी काही वर्षे खाणी बंद होत्या. त्याआधीच्या मोसमात, याच उतारावर, याच वळणावर परेशची गाडी खाली शेतात गेली होती. कोरगावचा परेश हा यशवंतचा सगळ्यात लाडका शिष्य. गुडघ्याचा चुरा झाला. तेव्हापासून त्याचा उजवा पाय वाकत नव्हता, आणि आता तो तिठ्यावर टायरचे पंक्चर काढत असे. ब्रेकांनी घात केला, असे सगळे म्हणाले. सगळ्यात आधी यशवंत म्हणाला होता.

संध्याकाळी यशवंत घरी न जाता तिठ्यावर गेला. परेश एक पाय लांब करून बसला होता आणि ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होता.

"काका! आयकलां मी. तुमीच शिकवतलास नव्या गाडयेर. बसा, चाय सांगतंय."

"चाय नको." यशवंत उलट्या टायरवर बसला. "परेश, त्या दिवशी तू न्यूट्रलात होतंस?"

परेशचे हात पाण्यातच थांबले.

"होतंय."

"तर मगे ब्रेकांनी घात करूक नाय. माझ्या शिकवणेन केल्यान."

परेशने ट्यूब बाहेर काढली, फडक्याने पुसली, दोनदा पुसली.

"माका म्हायत होता, काका."

"कधीपासून?"

"हॉस्पिटलात मेकॅनिक बघूक इल्लो, तेणां सांगल्यान. गिअरात आसतंय तर गाडी इंजिनान धरली असती. ब्रेक चांगले होते. तापान गेले."

"आणि तू बोलाक नाय? इतकी वर्सां?"

"काय बोलतलंय?" परेश हसला. "दीड म्हयनो तुमी रोज पार्वतीकाकीची पेज घेवन येत होतास. ती जेवता जेवता तुमका ह्या सांगतलंय?"

रस्त्यावरून एक टिपर गेला. यशवंतने डोळे पुसले, उघडपणे, लपवण्याच्या भानगडीत न पडता. अशा माणसाला आपण गाडी शिकवली, एवढ्याच एका गोष्टीचा त्याला त्या क्षणी अभिमान वाटला.

"उद्या सकाळी आठांक खाणीर ये," तो म्हणाला. "सुदेशाक धाडतंय तुका हाडूक. धा जण आसतले. पयलो धडो तू शिकव. उतारार न्यूट्रल कित्याक टाकूचो नाय, ता सांग."

परेशने आपल्या ताठ पायाकडे पाहिले, मग यशवंतकडे.

"आणि माका न्यूट्रल कोणी शिकवल्यान म्हणान इचारल्यानी तर? तुमचां नाव घेव?"

"इचारीपर्यंत रवू नको," यशवंत म्हणाला. "पयलां ताच घे."