पिशवीच्या गळ्यातलं नाव

मावशींनी कात्रीचं टोक लाखेच्या सीलखाली सरकवलं, तोच पोस्टमास्तरांचा हात कात्रीवर पडला.

"मावशी, ही पिशवी आपली नाही."

"आपल्या गोदीत उतरली, आपल्या हमालानं आणली, आणि आपली नाही? मग काय हवा खायला आलीय?"

"पट्टीवर नाव कुणाचं आहे?"

नाव जुन्या सरकारचं होतं. टपालाचा नियम कडक. परदेशी पिशवीच्या गळ्यातल्या पट्टीवर ज्याचं नाव, सील त्यानंच तोडायचं. आता ते सरकार एकोणीस दिवसांपूर्वीच आपल्या झेंड्याची घडी घालून निघून गेलेलं. पिशव्या त्याच्यामागोमाग त्याच्या राजधानीला धाडायच्या. तिथून त्या परत कधी येतील ते समुद्राला ठाऊक.

उपाय एका ओळीचा होता. साऱ्या जगाच्या टपालसंघातलं जुनं सभासदत्व आम्ही पुढे चालवतो, एवढंच नव्या सरकारनं लिहून द्यायचं. पण मंत्रिमंडळात दोन तट पडले. एक म्हणे, आहे ते राखा. दुसरा म्हणे, दुसऱ्याचा उतरलेला अंगरखा आम्ही घालणार नाही. नव्यानं अर्ज करू, मग वर्ष लागो की दोन. चर्चा इतकी लांबली, की सचिवालयातलं घड्याळ किल्लीची वाट पाहून कंटाळलं आणि आपल्या मनानंच चालू लागलं, असं तिथला शिपाई शपथेवर सांगतो. त्यातलं निम्मं सोडून दिलं, तरी घड्याळ थोडंफार चाललं असेलच.

मावशी तीस वर्षं परदेशी टपाल निवडत होत्या. त्यांची एकुलती एक लेक समुद्रापलीकडे होती. तिचं शेवटचं पत्र झेंडा बदलायच्या आदल्या दिवशी आलं होतं : 'मंगळवारी हृदयाचं ऑपरेशन. बरी झाले की स्वतःच्या हातानं लिहीन.' त्यानंतर अक्षर नाही. तारही याच वादात बंद.

"मास्तर, एकच पिशवी. पुन्हा असं सील लावते, की तुमच्या बापजाद्यांनाही कळायचं नाही."

"मला कळेल ना. मी इथंच उभा आहे." मास्तर टेबलाकडे बघत म्हणाले. "आज आपण दुसऱ्याचं सील फोडलं, तर उद्या आपल्या सीलला कोण विचारील? एकोणीस दिवसांचं पोर आहे हो आपलं राज्य."

मावशींनी कात्री ठेवून दिली.

दारातून 'पैलवान' आत आला. हमालाला हे नाव त्याच्या काटकुळ्या अंगावरून पडलेलं. खांद्यावरची पिशवी त्यानं धप्पकन टाकली.

"घ्या. बारावी आणि शेवटची. जहाज सुटता सुटता चढवलीय म्हणे."

अकरा पट्ट्या छापील होत्या. ही कोऱ्या पुठ्ठ्याची, हातानं लिहिलेली. काळी शाई. वळणदार, सावकाश काढलेली अक्षरं. खाली फूटपट्टी धरून मारलेली रेघ. आणि नाव नव्या देशाचं.

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पुन्हा वाचलं. मग कॉलरचं वरचं बटण लावलं.

"कुणी लिहिलं हे?" पैलवान कुजबुजला.

"असेल तिकडचा कुणी," मावशी म्हणाल्या. "माझ्यासारखाच, टेबलाशी उभा राहून पाय दुखलेला. छापील पट्ट्यांचा ढीग असेल की त्याच्यापुढे. तरी यानं कोरी घेतली."

हे नाव आजवर भाषणांत ऐकलं होतं, खांबांवर चिकटवलेलं पाहिलं होतं. सगळं आपलं आपणच. आज सात समुद्रांपलीकडून, कुणी न सांगता, एका परक्या माणसानं त्या नावानं हाक मारली होती. पैलवानानं डोक्याचं मुंडासं कधी काढलं, त्याचं त्यालाही कळलं नाही.

"पण साहेब, मंत्र्यांचं काय?"

"ठरवतील सावकाश. नाव आपलं आहे." मास्तरांनी कात्री मावशींपुढे सरकवली. "मावशी, फोडा."

मावशींनी बाळाची नाळ कापावी तशी दोरी कापली. पत्रं टेबलभर पसरली. निवडता निवडता एका निळ्या पाकिटापाशी हात थांबला. अक्षर थरथरतं, ओळ उताराला लागलेली, पण लेकीचंच. शिक्का त्या मंगळवारानंतर दोन आठवड्यांनी मारलेला.

मावशी स्टुलावर बसल्या.

"अहो, उघडा की!" मास्तर म्हणाले. "आता कुणाची परवानगी हवीय?"

मावशी उठल्या. नवा कोरा शिक्का शाईत दाबून त्यांनी पाकिटावर सरळ, नेमका उमटवला. तारीख नीट उठलीय का ते पाहिलं. मग पाकीट आपल्या गल्लीच्या कप्प्यात ठेवलं.

"मास्तर, मला अर्ध्या दिवसाची रजा द्या," त्या पदर सावरत म्हणाल्या. "दुपारी टपालवाला येईल. घरी कुणीतरी हवं."