हॉलमधली शाखा

कंपनीने मुख्य कचेरी विकली आणि माणसांना घराजवळच काम देणार असं जाहीर केलं. आमच्या नवरोबांनी ते जरा जास्तच मनावर घेतलं. शाखाप्रमुख व्हायचं होतं ना. साहेबांनी जागा शोधायला सांगितली, तर यांनी आमचा हॉलच तीन वर्षांच्या कराराने देऊन टाकला. मला विचारलं, पण सही झाल्यावर.

टेबलं आली, दोन सहकारी आले, आणि आम्ही मागच्या दाराने ये-जा करू लागलो. खिडकीपाशी बसून रस्ता बघणारे माझे सासरे स्वयंपाकघरातल्या बाकावर गेले. त्यांचा गुन्हा एवढाच, की ते मीटिंग चालू असताना खोकले. साहेबांनी कॉम्प्युटरच्या पडद्यावरून विचारलं, "हे कोण?"

"कोणी नाही, सर," हे म्हणाले. त्याच दुपारी दारावर पाटी लागली: कामाच्या वेळेत बाहेरच्यांना प्रवेश नाही.

"बाबा बाहेरचे?" मी विचारलं.

"नियम म्हणजे नियम. घरच्यांनाच सूट दिली तर शिस्त कशी राहील?"

मला असा संताप आला. सासरे मात्र म्हणाले, "असू दे गं. इथे चहा तरी लवकर मिळतो."

या शिस्तीवर साहेब इतके खूश झाले, की त्यांनी यांना खरंच शाखाप्रमुख केलं. फक्त शाखा दुसरी, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, एका गॅरेजच्या वर. घराजवळचं काम करायला हे आता दोन बस बदलून जातात. हॉल करारामुळे कंपनीकडेच राहिला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

परवा ताप भरला म्हणून हे भरदुपारी परतले, सवयीने पुढच्या दाराने शिरले आणि सोफ्यावर आडवे झाले. यांच्याच हाताखाली शिकलेल्या हिशेबनीस बाई ओशाळून उठल्या.

"सर, साहेब पडद्यावर आहेत. तुम्ही आता या शाखेचे नाही. आणि पाटी तुम्हीच लावलीय."

हे भिंतीला धरत स्वयंपाकघरात आले. माझ्या जिभेवर बरंच काही होतं, पण त्यांचं तोंड बघून आधी चहाचं आधण ठेवलं.

हॉलमधून साहेबांचा आवाज आला, "कोण होतं ते?"

"कोणी नाही, सर," बाई म्हणाल्या.

सासरे बाकावर सरकले आणि शेजारची जागा त्यांनी हाताने पुसली.

"ये, बस इथे," ते लेकाला म्हणाले. "दोघांना पुरतो हा."