पानांची गाठ

धाकट्या जावेचं कौतुक ऐकून माझे कान किटले होते. घरी सासूबाई तिचे गोडवे गातात, ते एक वेळ ठीक. पण तीही माझ्यासारखीच पॅथॉलॉजिस्ट, आणि माझ्याच लॅबमध्ये आली. इतकी वर्षं गाठींचे तुकडे मी तपासले, आता सर्जन फोन करून विचारतो, "धाकट्या डॉक्टर आहेत का?" अंगाचा नुसता तिळपापड होतो.

त्या दिवशी स्तनातल्या गाठीतून सुईने काढलेल्या तुकड्याची काच तयार होऊन समोर आली. चाळिशीची बाई नवऱ्याबरोबर बाहेर बाकावर रिपोर्टसाठी थांबली होती. काच पाहून मी म्हणाले, "साधी गाठ. फायब्रोअ‍ॅडिनोमा."

आमच्या मायक्रोस्कोपमधून दोघींना एकदम बघता येतं, पण काच सरकवायचा स्क्रू एकाच बाजूला. ती बाजू अर्थात थोरलीची.

"ताई, जरा डावीकडे घ्या ना. मघाशी तिथं पानांसारखे पदर दिसले. फायलॉइड्स तर नसेल?"

"तसली गाठ शेकड्यात एखादी निघते. उचलली जीभ, लावली टाळ्याला!"

"पण साधी म्हटलं, तर सर्जन नुसती सोलून काढतील. आणि फायलॉइड्स निघाली तर परत येईल हो, मोठी होऊन."

हे मला ठाऊक नव्हतं थोडंच! तो कोपरा मीही ओझरता पाहिला होता. तिच्या नजरेला पडू नये म्हणूनच तर काच मधोमध धरून बसले होते.

दाराच्या फटीतून बाईचा आवाज आला, "साधीच असेल ना हो?" नवरा म्हणाला, "आत बघताहेत ना डॉक्टर. त्यांना कळतं."

मेलं ते कळणं! मी स्क्रू फिरवला. कोपरा समोर आला. पानांसारखे लांबट पदर, आणि त्यांच्या आत पेशींची दाटी. धाकटीनं नुसता रिपोर्टचा कागद माझ्यापुढं सरकवला. बोलली असती तर निदान भांडता आलं असतं.

मी रिपोर्ट लिहिला: फायलॉइड्सची दाट शंका, भोवतालच्या निरोगी भागासकट गाठ काढावी. मग सर्जनला फोन लावून स्पीकरवर टाकला आणि रिपोर्ट वाचून दाखवला.

"वा! धाकट्या डॉक्टरांनी ओळखलं ना?"

मी 'हो' म्हणायला तोंड उघडणार, तोच ती पुढं वाकली.

"नाही हो, ताईंनी. तो कोपरा त्यांनीच दाखवला."

घ्या! हाही मोठेपणा तिनंच घेतला.