‘बेंबळी’ नावाचं बटण

बेंबळीत कुणाला गोरं व्हायचं असेल तर क्रीम लावायची गरज नव्हती, श्रावस्तीकडं फोटो दिला की झालं. बसस्टँडसमोर तिचं एका शटरचं दुकान. वाढदिवस, साखरपुडा, उद्घाटन, निवड, निधन, सगळ्याची ग्राफिकं तिच्याकडंच व्हायची अन् तिथून गावभरच्या स्टेटसला चढायची. आधी एकेका फोटोवर ती अर्धा अर्धा दिवस डोळे फोडायची. मग एआय आलं. आता फोटो टाकायचा, काय पाहिजे ते सरळ मराठीत लिहायचं, अन् समोरचा चहा गार व्हायच्या आत चित्र हातात.

लोकांचं मागणं मात्र काही बदललं नाही. नवरदेव असो, सरपंच असो, नाहीतर वर गेलेला म्हातारा असो, फोटो देणारा हळूच वाकून म्हणायचाच, "जरा उजळ कर गं." रोज रोज तेच लिहून श्रावस्ती वैतागली. शेवटी तिनं एकदाचं लिहून ठेवलं: रंग उजळ कर, कातडी साफ कर, डाग काढ, सुरकुत्या कमी कर, दात नीट कर, फोटो स्पष्ट कर. त्या सगळ्याला ॲपमध्ये नाव दिलं ‘बेंबळी’. एक बटण दाबलं की अख्खं गाव देखणं!

सोसायटीचे माजी चेअरमन आण्णासाहेब. लहानपणच्या देवीनं त्यांच्या तोंडाची चाळणी करून ठेवलेली. वाढदिवसाच्या ग्राफिकमध्ये आपला गुळगुळीत चेहरा बघून ते म्हणाले, "पोरी, ह्यो मी हाय का माझा जावई?" विचारलं खरं, पण फोटो तोच लावला. आजतागायत काढलेला नाही.

दुकानात श्रावस्तीच्या शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर तिची आजी बसायची, सरुबाई. वय ऐंशीच्या घरात, काळीसावळी, डाव्या डोळ्यात फूल पडलेलं, अन् कपाळावर मधोमध हिरवं गोंदण, एक चांदकोर अन् खाली टिंब. धर्म बदलला तेव्हा सरुबाई परकरी पोर होती. घरातल्या बायकांनी कुंकू सोडलं, पण गोंदण कातडीच्या आत, ते कुठं जाणार? श्रावस्ती लहान असताना ओल्या फडक्यानं ते पुसायला बसायची. सरुबाई डोळे मिटून कपाळ पुढं करायची, "घास घास, निगलं तर मला बी सांग." दोघी हसून हसून बेजार व्हायच्या.

अलीकडं म्हातारीचं ध्यान सुटत चाललं होतं. जेवण झालं तरी "आज सैपाक न्हाय का?" म्हणायची. येरमाळ्याच्या पलीकडं तिचं माहेर, तिथं आता कुणीच उरलेलं नव्हतं, पण पिशवी भरून दारात उभी राहायची. प्रेमानंदला, म्हणजे श्रावस्तीच्या वडलांना, मात्र ती पक्की ओळखायची. तो धाराशिवला कारकुनी करायचा. संध्याकाळी त्याची पावलं वाजली की आत बसून सांगायची, "आला माझा परमा."

यंदा जयंती अन् येरमाळ्याच्या येडेश्वरीची यात्रा लागून आली. जयंतीच्या सकाळी श्रावस्तीनं आजीला नवं पांढरं लुगडं नेसवलं, ओट्यावर बसवून मोबाईलवर फोटो काढला अन् मिरवणुकीत गेली. घरचं, शेजारचं, सगळंच मिरवणुकीत. परत आली तर ओटा रिकामा.

विहिरी बघून झाल्या, शेतं बघून झाली, पोलिसांत नोंद झाली. बसस्टँडवरचा एक फुलवाला म्हणाला, धाराशिवच्या गाडीत यात्रेचा घोळका चढत होता, त्यात एक पांढऱ्या लुगड्याची म्हातारी होती खरी. प्रेमानंद खुर्चीत मटकन बसला अन् लेकीला म्हणाला, "तू काय बघत बसलीस? तुझं ते काढ की लवकर. सगळीकडं पाठव."

श्रावस्तीनं मोबाईल उघडला. सकाळचाच फोटो घेतला. आजी हलली होती, जरासा पुसट आला होता. बोट सवयीनं जिथं जायचं तिथंच गेलं. एक बटण. वर लाल पट्टी, ‘हरवल्या आहेत’, मध्ये आजी, खाली नाव, लुगड्याचा रंग, मोबाईल नंबर. फोटो कसा लख्ख झाला! तो बघून तिला भडभडून आलं. ‘किती ग्वाड दिसती माझी आजी,’ एवढंच तिच्या मनात आलं. प्रेमानंदनं बघितला, श्रावस्तीच्या मामांनी बघितला, दोन्ही आत्यांनी रडत रडत बघितला. सगळे म्हणाले, झकास झालाय, आता सापडणार. घरच्यांचं असंच असतं हो. नाव वाचलं की माणूस आपोआप डोळ्यांपुढं उभा राहतो, कागदावर काय आहे ते कोण बघतंय!

अन् फोटो असा पळाला म्हणता! कळंबला गेला, बार्शीला गेला, पुण्यातल्या पाव्हण्यांकडून उलटा श्रावस्तीच्याच मोबाईलवर आला, ‘कृपया पुढे पाठवा, कुणाची तरी आई आहे’ असं लिहून. फोनही आले. कुणाला लातूरला दिसली, कुणाला तुळजापुरात. मामा मोटारसायकल काढून जायचे. तिथं कुणीतरी गोरीगोमटी म्हातारी आपल्या सुनेबरोबर भाजी घेत असायची. मामा हात जोडून परत यायचे. येरमाळ्याच्या ग्रुपवरनंही ‘इथं नाहीत’ असंच उत्तर आलं.

ऊन नुसतं भाजत होतं. माठातलं पाणी तोंडाला लावलं की आधी श्रावस्तीच्या मनात यायचं, आजीला कुणी दिलं असेल का.

चौथ्या दिवशी ती म्हणाली, "पप्पा, माहेर माहेर करायची ती. आपण येरमाळ्याला स्वतः जाऊन बघू." यात्रा उतरली होती. रस्त्याच्या कडेला नारळाच्या शेंड्या अन् पत्रावळ्या पडलेल्या. हायवेवर महालिंगप्पाचं चहा-भज्याचं हॉटेल. बापलेक तिथं टेकले अन् प्रेमानंदनं मोबाईल पुढं केला.

"आवो, ह्यो फोटो तर हाय की माझ्याकडं!" महालिंगप्पानं आपलाच मोबाईल काढला. "चार ग्रुपला टाकलाय म्या. येत्या-जात्या गिऱ्हाईकाला दावतोय. तुमच्या मातोश्री का? न्हाय साहेब, हितं न्हाय आल्या. आल्या असत्या तर म्या सोडलं असतं व्हय? हात धरून बसवून ठिवलं असतं."

प्रेमानंदनं मान डोलावली. उठणार तेवढ्यात महालिंगप्पाची बायको शिवम्मा भज्यांचा झारा हातात घेऊन बाहेर आली. तिनं मोबाईल निरखून बघितला.

"ह्या न्हाय बया. ती एक गोंदलेली म्हातारी तेवढी व्हती. यात्रेत कुणीतर टाकून गेलं आसंल तिला."

श्रावस्ती चटकन उठली. "कसली म्हातारी?"

"आगं, काळीसावळी, कपाळावर हिरवी चांदकोर. येका डोळ्यात फूल. लुगडं पांढरं आसंल पर पार मळल्यालं. दोन दिस ह्याच बाकड्यावर व्हती. म्या भाकर दिली, पानी दिलं. परमा येतोय न्यायला, परमा येतोय, आसं म्हनायची. काल दुपारी गिऱ्हाईक लई झालं, म्या म्हनलं, आज्जे, जरा सावलीला सरक. तर उटली अन् चालायलाच लागली रस्त्यानं."

श्रावस्तीनं मोबाईल ओढून घेतला, फोटो बोटांनी मोठा केला, आणखी मोठा केला. कपाळ कोरं. डाव्या डोळ्यातलं फूल नाही. गालावर एक सुरकुती नाही, तोंडात बत्तीस दात. सायीच्या रंगाची एक बाई तिच्याकडं बघून हसत होती. ह्या बाईला तिनं जन्मात कधी बघितलं नव्हतं. ‘डाग काढ’ असं तिनंच लिहिलेलं होतं. यंत्रानं काढला.

"दादा," शिवम्मा घाबरून प्रेमानंदला म्हणाली, "आमाला काय ठावं? फोटूत तर ह्या दुसऱ्याच बाई. आमी दोघं रोज ह्यो फोटू बगत व्हतो अन् ती समूर बाकड्यावर बसल्याली. आमचं काय चुकलं का?"

"न्हाय बाई," प्रेमानंद म्हणाला. "तुमी भाकर दिली."

श्रावस्ती ओक्साबोक्शी रडायला लागली. "पप्पा, मीच... मीच ते बटण..."

"गप," प्रेमानंद म्हणाला. रागानं नाही, थकून. "म्या बी बघितला की फोटो. आई हाय ती माझी. मला तरी कुठं दिसलं?"

तिथंच बाकड्यावर बसून तिनं ओट्यावरचा मूळ फोटो, पुसट, हललेला, आहे तसा सगळ्या ग्रुपवर टाकला. लगेच उत्तरं यायला लागली. ‘ही कोण? आधीच्या आजी सापडल्या का?’ ‘एका वेळी एकच पाठवा ताई, लोक गोंधळतात.’ कुणीतरी तर तिलाच समज दिली, असले खोटे फोटो पसरवू नका म्हणून. जुना फोटो मात्र पळतच होता. तो दिसायला छान होता ना!

महालिंगप्पानं हॉटेल बायकोवर सोडलं अन् आपली गाडी काढली. रस्त्याच्या दोन्ही कडा बघत बघत तिघं पुढं गेली. उन्हं कलल्यावर एका बाभळीखाली पांढरं काहीतरी दिसलं. प्रेमानंद चालत्या गाडीतून उतरायलाच बघत होता. "आई! ए आई!"

सरुबाई जिवंत होती. ओठ फुटलेले, तळव्यांची कातडी सोललेली, अंगात ताप. तिनं डोळे किलकिले करून लेकाकडं बघितलं. मग पदर डोक्यावर सारखा केला, परक्या माणसापुढं करतात तसा.

"साहेब," ती म्हणाली, "परमा यायचाय माझा. मी उठते, मारू नका."

प्रेमानंद त्या बाभळीखाली लहान पोरासारखा रडला.

धाराशिवच्या दवाखान्यात सलाईन लागलं, ताप उतरला, पायांना मलम-पट्टी झाली. डॉक्टर म्हणाले, उन्हाचा अन् उपाशी राहिल्याचा डोक्यावर परिणाम झालाय, गेलेली ओळख परत येईल असं सांगता येत नाही. प्रेमानंद रोज कचेरीतून येऊन उशाशी बसायचा. ती त्याला "बसा साहेब" म्हणायची अन् दाराकडं बघत राहायची. आला माझा परमा, हे काही पुन्हा त्या तोंडून आलं नाही.

भेटायला येणारी माणसं श्रावस्तीच्या पाठीवरनं हात फिरवायची. "तू फोटो टाकलास म्हणून सापडली हो. काय सुंदर केला होतास! आमच्याही आईचा एक करून दे, भिंतीला लावायला." खरं सांगायला तिनं तोंड उघडावं तर बाप मान हलवून नको म्हणायचा. ‘बेंबळी’ तिनं ॲपमधून पुसून टाकलं होतं. त्यानं काय होणार होतं?

एका दुपारी वॉर्डात दोघीच होत्या. सरुबाई उशीला टेकून बसलेली. श्रावस्तीचा मोबाईल वाजला. कुणीतरी नांदेडवरून पुन्हा तोच फोटो पाठवला होता, ‘कृपया पुढे पाठवा.’ ती तो घाईघाईनं बंद करायला गेली, तोवर सरुबाईनं मान वाकवून बघितलं.

"कोण गं ही?"

श्रावस्तीनं मोबाईल बाजूला ओढला.

"सांग की. लाल लाल कशाला लिवलंय वर?"

"हरवलीय, आजी," श्रावस्ती कशीबशी म्हणाली.

"आगं बया!" सरुबाईनं मोबाईल हातात घेतला, चांगला डोळ्याजवळ धरला. त्या बाईच्या कोऱ्या कपाळावरून बोट फिरवलं. "चांगल्या घरची दिसती बिचारी. घरच्या मानसांच्या जिवाला घोर आसंल." तिनं मोबाईल परत नातीच्या हातात दिला अन् तिची बोटं त्यावर मिटवली. "मी हाय हितं बरी. माझ्यापाशी बसून काय करतीस? जा, हुडका तिला. ऊन लई हाय."